जुन्या गाडीचा इंजिन नंबर सापडत नाहीये? पासिंगला जायच्या आधी घरच्या खळ्यातच शोधून ठेवा

गाडीला पंधरा वर्षं झाली आणि रजिस्ट्रेशन रिन्यू करायला काढलं की सगळे कागदांच्या मागे लागतात, इन्शुरन्स चालू आहे का, पीयूसी काढली का, पर्यावरण कर भरला का, आणि हे सगळं फाईलला लावून माणूस निवांत आरटीओच्या तपासणीच्या ट्रॅकवर जाऊन उभा राहतो, तेवढ्यात इन्स्पेक्टर साहेब बॉनेट उघडायला सांगतात आणि विचारतात, इंजिन नंबर दाखवा. मग काय, मालक, त्याचा मेव्हणा आणि एजंटचा पोरगा असे तिघं बॉनेटमध्ये डोकी घालून मोबाईलचे टॉर्च मारतायत आणि मागं लाईन वाढतेय. चेसिस नंबर बहुतेकांना माहीत असतो कारण त्याची पेन्सिल प्रिंट फॉर्मवर लावायची असते, त्यामुळं तो आधीच कोणीतरी शोधलेला असतो. इंजिन नंबरकडे मात्र गाडी घेतल्यापासून कोणी ढुंकून बघितलेलं नसतं आणि कंपनीनं तो पंच केलेला असतो तो पण अशा जागी की नवीन इंजिन टेबलावर असताना मस्त दिसेल, गाडीत बसवल्यावर पुढं अल्टरनेटर म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र, वरून पाईप, बाजूला सायलेन्सरचं मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारा पाईपांचा जोड.

आपल्याकडं कोकणात त्यात अजून भर म्हणजे खारी हवा, चार महिने पाऊस आणि तांबडी माती. घाटावरच्या गाडीचा नंबर नुसता फडका मारून दिसतो, इथं बंदराजवळ उभ्या राहिलेल्या गाडीचा नंबर खरवडून काढावा लागतो, आणि तो खरवडताना लोक जी वाट लावतात त्यासाठीच हे सगळं लिहितोय. काम अवघड नाही, घाई मात्र करायची नाही आणि ट्रॅकवर तर अजिबात करायचं नाही.

सुरुवात कागदापासून

आधी नंबर काय आहे ते माहीत पाहिजे, मग तो शोधायचा. आरसी बुक किंवा स्मार्ट कार्ड काढा, त्यावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. कार्ड घासून पुसट झालं असेल तर डिजीलॉकरमध्ये किंवा एमपरिवहन ॲपमध्ये स्वतःच्या नावावर आरसी उघडा. वेबसाईटवर नुसता गाडी नंबर टाकून माहिती बघितलीत तर त्यात हे दोन्ही नंबर अर्धे झाकलेले येतात, त्याचा इथं उपयोग नाही. गाडी घेतानाची जुनी फाईल असेल, पत्र्याच्या ट्रंकेत, पोटमाळ्यावर, कुठं असेल तिथून ती पण काढा. त्यात शोरूमचं बिल, फॉर्म २१ म्हणजे सेल सर्टिफिकेट आणि फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचं कंपनीचं सर्टिफिकेट असतं, आणि त्यावर कंपनीकडून आलेला मूळ नंबर असतो. हे कागद पुढं भांडण निघालं तर फार कामाला येतात, तेव्हा सापडले की लगेच स्कॅन करून ठेवा, पावसाळ्यात वाळवी काय ठेवत नाही.

नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि नीट बघा की सुरुवातीला अक्षरं कुठली आहेत. इंजिन नंबरच्या आधी बऱ्याचदा इंजिनचा कोड असतो, म्हणजे जुन्या अल्टोत एफ८डी, नंतरच्या मारुतीच्या हजार सीसीच्या के-सिरीज इंजिनला के१०बी, सॅन्ट्रो झिंगला जी४एचजी, असे. हे माहीत असलं की अंधारात नुसती पहिली दोन-तीन अक्षरं दिसली तरी कळतं की बरोबर जागी आलोय. कधी कधी आरसीवर हा कोड नसतोच, नुसता पुढचा आकडा असतो, किंवा उलट. ते दिसलं म्हणून लगेच घाबरू नका.

अजून एक, चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, म्हणजे गोल दिसला की तो शून्यच आणि उभी रेघ दिसली की एकच. इंजिन नंबरला हा नियम लागू नाही, प्रत्येक कंपनीची आपली पद्धत, त्यामुळं तिथं गोल दिसला तर तो शून्य आहे की ओ हे आरसीशी ताडूनच ठरवायचं.

गाडी कुठं आणि कशी उभी करायची

खळ्यात सपाट जागी, दिवसाउजेडी. इंजिन पूर्ण गार पाहिजे, आदल्या रात्री उभी केलेली गाडी सकाळी बघायची, कारण नंबर जिथं असतो तिथंच आसपास मॅनिफोल्ड असतं आणि हात भाजला की आठ दिवस बसाल. हँडब्रेक, गिअरमध्ये, आणि दोन्ही बाजूनं चाकाला एकेक चिरा लावा, चिरे काय आपल्याकडं कुंपणाला पडलेलेच असतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. हे मुद्दाम सांगतोय कारण काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा चावी बंद असली तरी आपोआप चालू होतो आणि दुसरं म्हणजे नंबर बऱ्याच वेळा स्टार्टरच्या जवळ असतो, तिथं हातातला पाना चुकून टेकला तर ठिणगी उडते. खांद्यावर पंचा घेऊन वाकू नका. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं नाही, कधीच नाही, खाली शिरायचंच असेल तर गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर न्या.

आणि गाडी जर बरेच महिने आंब्याखाली उभी असेल, चाकरमान्यांच्या गावी ठेवलेल्या गाड्या असतात तशी, तर बॉनेट उघडल्यावर लगेच हात घालू नका. आधी काठीनं ढोसून बघा. उंदरांनी वायरींवर घरटी केलेली असतात ते एक, आणि उंदरामागून काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. गवतात उभ्या गाडीखाली फुरसं मिळणं ही आपल्याकडं काही नवलाची गोष्ट नाही.

कुठं बघायचं

गाडीचं ओनर मॅन्युअल असेल तर त्यात नंबरांच्या पानावर चित्र असतं, चेसिस नंबर इथं, इंजिन नंबर तिथं. हे पुस्तक बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच्या तसं असतं आणि कोणी उघडत नाही. नसेल तर त्याच मॉडेलचं पुस्तक कंपनीच्या साईटवर बऱ्याचदा मिळतं. तेही नसेल तर पुढचं वाचा.

इंजिनवर नंबर म्हणून दिसणाऱ्या गोष्टी खूप असतात आणि त्यातली एकच आपल्या कामाची. मोठे, उठावदार, बाहेर आलेले आकडे असतात ते ओतकामाचे, म्हणजे तो ब्लॉक, इंजिनचा मुख्य ओतीव भाग, ज्या साच्यातून काढला त्याचे, ते सोडून द्या. वरच्या कव्हरवर स्टिकर असतो, बारकोड असतो, तो पण सोडून द्या, कव्हर बदलता येतं म्हणून तो पुरावा होत नाही. आपल्याला पाहिजे तो आत ठोकलेला, खोल गेलेला नंबर, आणि तो ब्लॉकवरच एका छोट्या सपाट केलेल्या पट्टीवर असतो. आजूबाजूचा ब्लॉक खडबडीत आणि मध्येच एक बोटभर लांब गुळगुळीत जागा लागली की समजायचं इथं काहीतरी आहे. बऱ्याच वेळा ही जागा डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला कळते. नवीन गाड्यांत नंबर बारीक ठिपक्यांनी काढलेला असतो, तो बोटाला कमी लागतो आणि भरून पण लवकर जातो.

छोट्या पेट्रोल गाड्या, ज्यांचं इंजिन आडवं बसवलेलं असतं, त्यात ब्लॉक आणि गिअरबॉक्स जिथं जोडलेत तो सांधा धरून शोधायला सुरुवात करा. पुढच्या बाजूला म्हणजे रेडिएटरकडं असेल तर नशीब, मागं म्हणजे केबिनच्या पत्र्याकडं असेल तर वरून फक्त हात जाईल, डोळा जाणार नाही. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर जो पातळ पत्रा असतो त्याच्या मागं पण असू शकतो. तो पत्रा काढायला जाल तर त्याचे बोल्ट खाऱ्या हवेनं इतके धरलेले असतात की तुटतातच, तेव्हा आधी कॅमेऱ्यानं फटीतून बघा, पाना नंतर.

जीप, पिकअप, उभ्या इंजिनच्या डिझेल गाड्या, यांच्यात ब्लॉकच्या बाजूला बघायचं. एका बाजूला डिझेल पंप असतो, एका बाजूला स्टार्टर किंवा अल्टरनेटर, यातल्या कुठल्यातरी ब्रॅकेटच्या खाली किंवा मागं ती पट्टी असते. ओम्नी, टाटा एस असल्या गाड्यांत इंजिन पुढं नाही, पुढच्या सीटखाली. सीट उचला, त्याखालचं कव्हर काढा. तिथं वर्षानुवर्षं पडलेले सुटे पैसे, सुपारीची पाकिटं आणि एक तरी हरवलेला पाना मिळतो, आणि नंबर त्याच्याही खाली.

मासे वाहणाऱ्या पिकअपचं वेगळं सांगायला पाहिजे. बंदरावरून येणाऱ्या गाडीत बर्फाचं खारं पाणी सतत ठिबकत असतं, चाकाबरोबर उडून वर लागतं, आणि बिडाच्या ब्लॉकवर गंजाची खपली धरते. अशा एका गाडीवर मी मेस्त्रीबरोबर बसलो होतो, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटखाली हात घातला तर नुसता खडबडीत दगड लागत होता, पट्टी अशी नाहीच. मेस्त्रीनं अल्टरनेटरचा ॲडजस्टिंगचा बोल्ट ढिला केला, बेल्ट सोडला आणि अल्टरनेटर एका बाजूला कलता केला, काढला नाही. तेवढ्यानं चार बोटं जाण्याएवढी जागा झाली. मग नखानं खपलीची कड उचलली तर ती चार आण्याच्या नाण्याएवढी अख्खी निघून आली, आणि तिच्या पोटाकडच्या बाजूला आकडे उलटे उमटलेले, ८ आणि ३ स्पष्ट. म्हणजे खपलीखाली नंबर शाबूत होता. त्यानं तिथं पाना-हातोडी घातली असती तर तोच नंबर गेला असता.

टू-व्हीलरचं सोपं आहे. स्प्लेंडरसारख्या गाडीत डाव्या बाजूला क्रँककेसच्या म्हणजे इंजिनच्या खालच्या कवचाच्या खालच्या अंगाला, पल्सरला डाव्याच बाजूला गिअर लिव्हरजवळ. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरला मागच्या चाकाकडं खाली, स्टँडच्या आसपास, आणि तिथं चिखल इतका बसतो की नंबर आहे यावर विश्वास बसत नाही. गाडी मेन स्टँडवर लावा, खाली पोतं टाका आणि आडवे पडून बघा. रिक्षावाल्यांना काही सांगायची गरज नाही, त्यांची गाडी आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेसला जाते, त्यांना नंबर तोंडपाठ आणि जागा पण. किंबहुना तुम्हाला कुठलंच काही कळेना तर स्टँडवर जाऊन एखाद्या जुन्या रिक्षावाल्या काकांना विचारा, पासिंगमध्ये काय बघतात हे त्यांच्याएवढं एजंटला पण माहीत नसतं.

आरसा, मोबाईल आणि उजेड

डोकं जिथं जात नाही तिथं मोबाईल जातो. कॅमेऱ्यात व्हिडिओ चालू करा, फ्लॅश चालू ठेवा आणि हात हळूहळू त्या फटीतून फिरवा, एका बाजूनं जाऊन परत त्याच बाजूनं या. मग बाहेर येऊन व्हिडिओ थांबवत थांबवत बघा आणि जिथं दिसतंय तिथं स्क्रीनशॉट घ्या. फोटो काढत बसण्यापेक्षा हे बरं, कारण आत हात घालून स्क्रीनवर बोट दाबताना मोबाईल हलतो किंवा पडतो, आणि इंजिनखालच्या पत्र्यात पडलेला मोबाईल काढायला परत तो पत्रा खोलावा लागतो. दोरी बांधा त्याला. कॅमेरा फार जवळ नेला की फोकस होत नाही, वीतभर लांब धरा आणि झूम करा.

सेल्फी कॅमेरा वापरणार असाल तर लक्षात ठेवा की स्क्रीनवर उलटं दिसतं. आरशाचं पण तेच. दाढीचा छोटा आरसा तारेला बांधून चालतो, मेडिकल वस्तूंच्या दुकानात दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा आरसा मिळतो तो तर एकदम बेस्ट. आरशात वाचून लिहायला जाऊ नका, आरशाचा फोटो काढा आणि मोबाईलमध्ये तो फ्लिप करा. ऑनलाईन लांब वायरचा कॅमेरा पण मिळतो, मोबाईलला लावायचा, पुढं बारीक लाईट असते. एका गाडीसाठी घेऊ नका, गॅरेजवाल्याकडं असतो, त्याला चहा पाजा.

उजेडाची एक गोष्ट बहुतेक जण चुकीची करतात, टॉर्च नंबरच्या समोरून मारतात. समोरून मारला की सगळं एकसारखं चकाकतं आणि आकडे पुसले जातात. टॉर्च बाजूनं, अगदी पट्टीला घासून आडवा मारा, म्हणजे खोलगट आकड्यांत सावली पडते आणि जो नंबर नव्हताच तो वर येतो. एकानं टॉर्च धरायचा, एकानं कॅमेरा. घरातल्या पोरांना बोलवा, त्यांचे हात बारीक असतात आणि डोळे चांगले.

साफ कसा करायचा

इथं सगळ्यात जास्त सांभाळायचं, कारण नंबर सापडला नाही तर परत शोधता येतो, पण तुम्हीच घासून उडवला तर साहेबांना वाटणार की मुद्दाम उडवला, आणि मग तुमची गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत फिरा.

ग्राइंडर नाही, छिन्नी नाही, जाड पॉलिश पेपर नाही. पहिल्यांदा वरचा चिखल कोरड्या ब्रशनं झाडा, जुना टूथब्रश चालतो. तांबडी माती आणि ऑइल मिळून जो काळा राप बसतो त्याला रॉकेल किंवा डिझेल कापसावर घेऊन लावा आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच सोडा. ओतायचं नाही, लावायचं, खाली रबराचे पाईप आणि बेल्ट असतात, त्यांना ते चांगलं नसतं. पेट्रोल तर आणूच नका. मग नारळाच्या सोडणाचा एक तुकडा घ्या, त्याची टोकं ठेचून मऊ करा आणि त्यानं घासा. हसू नका, तारेच्या ब्रशपेक्षा हे चांगलं, कारण टू-व्हीलर आणि के-सिरीजसारख्या गाड्यांचा ब्लॉक अल्युमिनियमचा असतो आणि त्यावर तारेचा ब्रश दाबून मारला तर ठिपक्यांचा बारीक नंबर निघून जातो. काथ्यानं मळ जातो, धातू जात नाही.

अल्युमिनियमवर खाऱ्या हवेनं पांढरी पावडर धरते, ती साबणाच्या कोमट पाण्यानं आणि काथ्यानं बऱ्यापैकी जाते. बिडाच्या ब्लॉकवरच्या गंजाला मात्र थोडा जोर लागतो, तिथं डब्ल्यूडी-४० किंवा साधं गंजाचं ऑइल मारून रात्रभर ठेवा, सकाळी पितळेच्या मऊ ब्रशनं हलक्या हातानं घासा. खपली असेल तर नखानं किंवा बांबूच्या काडीनं कडेनं उचला, वर सांगितलं तशी. एकदम सगळं चकचकीत करायचा नाद नको, आकडा वाचता आला की थांबा. काहीजण पासिंगच्या आधी सर्व्हिसिंगला जाऊन प्रेशरनं इंजिन धुऊन घेतात, त्यात अल्टरनेटर किंवा सेन्सरमध्ये पाणी गेलं तर गाडी ट्रॅकपर्यंत पण जाणार नाही. हातानंच करा.

पुसून कोरडं झालं की खडू घ्या, शाळेतला पांढरा खडू, आणि पट्टीवर आडवा घासा. मग कोरड्या बोटानं वरवर पुसा. वरचा खडू निघतो, आकड्यांत भरलेला राहतो आणि काळ्यावर पांढरा नंबर फळ्यावर लिहिल्यासारखा दिसतो. याच वेळी फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून, लांबच्या फोटोत आजूबाजूचा भाग दिसला पाहिजे म्हणजे हा याच गाडीचा आहे हे कळतं.

प्रिंट काढायला सांगितली तर पातळ कागद नंबरवर ताणून धरून मऊ शिसाची पेन्सिल आडवी घासायची. हात पोचत नसेल तर एजंट लोक करतात ती युक्ती करा, पेन्सिल थेट नंबरावर घासायची, मग त्यावर रुंद सेलोटेप चिकटवून अलगद काढायची आणि ती टेप फॉर्मवर लावायची. चेसिसची प्रिंट तर अशीच छान येते. इंजिनची प्रिंट सगळीकडं मागत नाहीत, नुसता बघतात किंवा फोटो घेतात, पण हाताशी असली तर बिघडत नाही.

काम झालं की त्या पट्टीवर बोटभर ग्रीस लावून ठेवा. साफ केलेला बीड आपल्या हवेत दोन दिवसांत परत लाल होतो. खोबरेल तेल लावायची काहींना सवय असते, त्यावर धूळ बसून परत राप तयार होतो, ग्रीसच बरं.

आणि रंगकाम. पासिंगच्या आधी गाडीला खालून अंडरकोटिंग मारून घेणं, इंजिनला काळा स्प्रे मारणं हे आपल्याकडं नेहमीचं, गंज बघूनच लोक घाबरतात. पेंटरला आधी सांगा की दोन्ही नंबरांवर टेप लाव. त्याला काय, तो सगळं काळं करून देणार आणि डांबरासारखा तो थर परत तुम्ही काढत बसणार.

सापडला, पण जुळत नाही

आधी शांतपणे परत वाचा. ८ आणि बी, ५ आणि एस, शून्य आणि ओ, एक आणि आय, या जोड्यांतच बहुतेक घोटाळे असतात. दुसऱ्या कोणाला तरी आरसी न दाखवता नुसता फोटो दाखवून वाचायला लावा, कारण आपण आरसी बघितलेली असली की डोळे तेच वाचतात जे आपल्याला पाहिजे असतं.

तरी फरक राहिलाच तर फॉर्म २१ आणि २२ काढा. गाडीवर आणि या फॉर्मवर एकच नंबर आहे आणि फक्त आरसीवर वेगळा आहे, म्हणजे कधीतरी जुन्या पुस्तकावरून कॉम्प्युटरवर घेताना टायपिंगची चूक झाली. याची दुरुस्ती होते, अर्ज आणि हे कागद घेऊन आरटीओत जायचं, पण रिन्यूअलच्या आधी जायचं, त्याच दिवशी दोन्ही उरकेल या भ्रमात राहू नका.

इंजिनच बदललेलं असेल तर गोष्ट वेगळी. २०२१ च्या जुलैच्या पुरानंतर चिपळूणमध्ये कित्येक गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या आणि नंतर त्यातल्या बऱ्याच स्वस्तात विकल्या गेल्या. अशी गाडी सेकंड हँड घेतली असेल आणि आधीच्या मालकानं दुसरं इंजिन टाकून नोंद केली नसेल, तर ते तुम्हाला कळणार पासिंगच्या दिवशी. गाडीतला असा बदल आरसीवर चढवावा लागतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये ते आहे, आणि त्यासाठी त्या इंजिनचं बिल लागतं. म्हणून जुनी गाडी घेताना पैसे द्यायच्या आधीच हा नंबर बघा, किंमत ठरवायला पण उपयोग होतो.

आणि नंबर खरंच गंजून गेला असेल, काहीच वाचता येत नसेल, तर कोणी कितीही सांगू दे की मी पंच मारून देतो हजार रुपयांत, ऐकू नका. नंबर परत ठोकायचा तर आरटीओची परवानगी घेऊनच. स्वतःहून ठोकलेला नंबर म्हणजे सरळ पोलीस केस.

ट्रॅकवर

खाजगी गाडीच्या रिन्यूअलचा अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. फी एप्रिल २०२२ पासून वाढली, टू-व्हीलरला १००० आणि कारला ५००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांची अजून वाढवली, टू-व्हीलर २००० आणि कार १०,०००. उशीर झाला तर महिन्यामागे दंड वेगळा. परिवहनच्या साईटवर तुमच्या गाडीचा आकडा बघूनच निघा. रिन्यूअल पाच वर्षांचं मिळतं. जमलं तर मे महिन्यात किंवा गणपती झाल्यावर करा, जुलैच्या पावसात चिखलात आडवं पडून नंबर दाखवायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

रत्नागिरी किंवा ओरोसला मेन ऑफिसला जाणं लांब पडत असेल तर तालुक्याला आरटीओचा कॅम्प कधी असतो ते विचारा, मंडणगड-दापोलीकडच्यांना किंवा वेंगुर्ला-देवगडकडच्यांना ते सोयीचं पडतं. कॅम्पला ट्रॅक नसतो, मैदानात नाहीतर रस्त्याकडेला गाड्या उभ्या असतात आणि साहेबांना संध्याकाळपर्यंत सगळ्या संपवायच्या असतात, तेव्हा लवकर जा.

सोबत एक टॉर्च, तो आरसा, खडू, फडकं आणि नंबरच्या दोन्ही फोटोंची प्रिंट घ्या. फोटो नुसता मोबाईलमध्ये ठेवू नका, उन्हात स्क्रीन दिसत नाही. गाडी अशी लावा की बॉनेटच्या आत थेट ऊन येणार नाही. आपली पाळी यायच्या आधी इंजिन नंबरावरचं ग्रीस पुसून खडू मारून ठेवा. साहेब आले की, "साहेब, नंबर अल्टरनेटरच्या खाली आहे, मी टॉर्च धरतो, तुम्ही या बाजूनं आरशात बघा," एवढं बोललं की झालं, अर्ध्या मिनिटाचं काम. इंजिन तोपर्यंत चालू करून ठेवू नका, लाईनमध्ये उभं राहून तापलेलं असतं, गाडी ढकलत पुढं न्यायची असेल तर न्या.

साहेब म्हणाले की फोटो चालणार नाही, प्रत्यक्ष दाखवा, तर वाद घालू नका, तो त्यांचा हक्क आहे. म्हणूनच ब्रॅकेट ढिलं करावं लागणारी गाडी असेल तर १२ आणि १३ चा पाना खिशात पाहिजे, किंवा त्या दिवशी मेस्त्रीला बरोबर न्या, त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी परत यायच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त पडते.

नवीन आरसी हातात आली की पाकिटात घालायच्या आधी त्यावरचे दोन्ही नंबर तुमच्या फोटोशी अक्षर न् अक्षर जुळवा. एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बुक करताना हेच नंबर टाकावे लागतात, इन्शुरन्सचा क्लेम आला तरी हेच बघतात. चूक दिसली तर लगेच, सगळे मूळ कागद हाताशी असतानाच दुरुस्तीचा अर्ज टाका. आणि नंबर कुठं आहे ते, म्हणजे "डाव्या बाजूनं, स्टार्टरच्या वर, गिअरबॉक्सच्या सांध्याला लागून" असं, आरसीच्या झेरॉक्सच्या मागं पेननं लिहून गाडीतच ठेवा, पाच वर्षांनी परत जायचंय.